हिशेबातले स्वातंत्र्य : आयडा लुपिनो



'स्वतंत्र' हा शब्द सिनेमाच्या जगात फार स्वस्त झाला आहे. कोणी चार पैसे जमवून चित्रपट काढला की तो स्वतंत्र निर्माता. कोणी नटी एखाद्या कंपनीशी भांडली की ती स्वतंत्र बाण्याची. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र या शब्दाला जरा खोदून विचारले पाहिजे. बाबा रे, तू स्वतंत्र आहेस तो कोणापासून? तुझ्या चित्रपटाला पैसा कोणी दिला? तो दाखवला कोणाच्या थिएटरात? आणि त्यातले कोणते वाक्य ठेवायचे, कोणते गाळायचे, हे ठरवले कोणी? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर जे उरते, तेवढेच खरे स्वातंत्र्य. आज ज्या बाईंची हकीकत सांगणार आहे, त्यांच्या आयुष्यात या चारही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी मिळाली. म्हणून ती हकीकत सांगण्याजोगी आहे. बाईंचे नाव आयडा लुपिनो. जन्माने इंग्रज, कर्तृत्वाने अमेरिकन. धंद्याने आधी नटी, मग निर्माती, लेखिका आणि दिग्दर्शिका.

आयडाचा जन्म ४ फेब्रुवारी १९१८ रोजी लंडनमध्ये झाला. लुपिनो हे घराणे मूळचे इटलीकडचे, पण कित्येक पिढ्या इंग्लंडच्या रंगभूमीवर मुरलेले. वडील स्टॅनले लुपिनो हे गाजलेले विनोदी नट. आई कॉनी एमराल्ड या नावाने रंगभूमीवर वावरत असे. हे 'एमराल्ड' नाव जरा लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे. अशा घरात मुलीने नटी व्हायचे की नाही, हा प्रश्नच कोणी विचारत नाही. आयडाने लहानपणीच रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट या नामांकित संस्थेत धडे घेतले. १९३२ साली 'हर फर्स्ट अफेअर' या बोलपटात तिला नायिकेचे काम मिळाले. गंमत अशी की त्या भूमिकेसाठी परीक्षा द्यायला गेली होती तिची आई. दिग्दर्शकाने आईला सोडून मुलीला उचलले. मुलगी तेव्हा अवघी चौदा वर्षांची!

पुढच्याच वर्षी, १९३३ साली, पॅरामाउंट कंपनीने तिला हॉलिवुडला नेले. केस सोनेरी रंगवले, भुवया कोरल्या आणि एक नवी बाहुली म्हणून तिला पडद्यावर उभी केली. कामे मिळत गेली, पण ती कशी? नायकाच्या बाजूला उभे राहून गोड हसण्याची. त्यातच १९३४ साली तिला पोलिओ झाला. सुदैवाने ती त्यातून बरी झाली. मात्र त्या आजारपणाने तिला एक गोष्ट शिकवली, आणि ती तिने पुढे बोलूनही दाखवली : ज्या धंद्यात आपले भांडवल म्हणजे फक्त आपला देह, त्या धंद्यात डोक्यानेही काही करता आले पाहिजे. कारण देह कधी दगा देईल सांगता येत नाही.

तिच्या अभिनयाचे खरे तेज दिसले ते १९३९ साली, 'द लाइट दॅट फेल्ड' या चित्रपटात. आपल्या मुंबईत जन्मलेल्या रड्यार्ड किपलिंगच्या कादंबरीवरून तो काढला होता. दिग्दर्शक विल्यम वेलमन यांच्या कचेरीत आयडा सरळ घुसली आणि 'ही भूमिका मलाच मिळाली पाहिजे, माझी परीक्षा घ्या' असा हट्ट धरून बसली. भूमिका मिळाली. तिच्या जोरावर वॉर्नर ब्रदर्सचे दार उघडले. १९४० साली 'दे ड्राइव्ह बाय नाइट' आणि १९४१ साली 'हाय सिएरा' हे चित्रपट आले. या 'हाय सिएरा'त नायक होता हंफ्री बोगार्ट. तरी श्रेयनामावलीत आयडाचे नाव त्याच्या आधी होते. १९४३च्या 'द हार्ड वे' या चित्रपटातील कामाबद्दल न्यूयॉर्कच्या चित्रपट समीक्षकांनी तिला त्या वर्षाची सर्वोत्तम अभिनेत्री ठरवले.

बाहेरून पाहता सगळे छान चालले होते. पण हे वैभव नोकरीतले होते. आपल्याकडे प्रभातच्या दिवसांत नटनट्या महिन्याच्या पगारावर कंपनीत असत, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. हॉलिवुडची तऱ्हा तीच, फक्त करार अधिक कडक. सात सात वर्षांचा करार असे आणि कंपनी देईल ती भूमिका करावी लागे. नकार दिला की निलंबन. म्हणजे पगार बंद, आणि दुसरीकडे काम करण्यासही मनाई. वर गेलेले दिवस कराराच्या शेवटी जोडले जात, ते निराळेच. १९४४ साली ऑलिव्हिया द हॅविलंड या अभिनेत्रीने कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात दाद मागून ही शेवटची प्रथा मोडून काढली. वॉर्नर कंपनीची पहिली नटी बेटी डेव्हिस. तिने टाकलेल्या किंवा तिच्या जातीच्या भूमिका आयडाच्या वाट्याला येत. आपण म्हणजे बेटी डेव्हिसची स्वस्त आवृत्ती, असे ती स्वतःच हसत हसत म्हणे. पण हसण्यामागे राग होता. तिने भूमिका नाकारल्या आणि निलंबनेही सोसली.

आता बघा, बिनपगारी बसवलेल्या माणसाने काय करावे? रुसून घरी बसावे, हा एक मार्ग. आयडाने दुसरा धरला. ती स्टुडिओतच जाऊन बसू लागली. दिग्दर्शक दृश्य कसे लावतो, कॅमेरा कुठे ठेवतो, दिवे कसे मांडतो आणि संकलनाच्या खोलीत फिल्मचे तुकडे कसे जोडले जातात, हे ती पाहू लागली. कंपनीने दिलेली शिक्षा तिने आपली शाळा करून टाकली. सेटवर नटाला तासन् तास बसून राहावे लागते आणि रस असलेले काम दुसरेच कोणी करत असते, ही तिची जुनी तक्रार होती. १९४७ साली तिने वॉर्नर कंपनी सोडली.

इथे जरा थांबून काळाकडे पाहिले पाहिजे. नाही तर हे सगळे एका बाईच्या जिद्दीचे फळ, असे वाटेल. जिद्द होतीच; पण जिद्द १९३८ सालीही असती, तर दार उघडले नसते. हॉलिवुडच्या पाच बड्या कंपन्या चित्रपट काढत, वाटत आणि स्वतःच्या मालकीच्या थिएटरांत दाखवतही असत. शेत त्यांचे, अडत त्यांची आणि बाजारपेठही त्यांचीच! बाहेरच्याने चित्रपट काढला तरी तो लावणार कुठे? मे १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्याचा निकाल दिला आणि ही मक्तेदारी बेकायदा ठरवली. थिएटरे कंपन्यांच्या हातून सुटू लागली. त्याच सुमारास टेलिव्हिजन घरोघर शिरू लागला. बड्यांचे आसन डळमळले की छोट्यांना उभे राहायला जागा मिळते. आयडा नेमकी त्या जागी उभी राहिली.

१९४८ साली तिने कोलियर यंग या चित्रपटव्यवसायातल्या जाणत्या माणसाशी लग्न केले. त्याच साली ती अमेरिकेची नागरिक झाली. नवराबायकोंनी भागीदार घेऊन एक छोटी कंपनी काढली. तिला नाव दिले एमराल्ड, म्हणजे आईचे रंगभूमीवरचे नाव. पुढे याच उद्योगाचे 'द फिल्ममेकर्स' असे नामकरण झाले. पहिला चित्रपट 'नॉट वाँटेड', १९४९ सालचा. विषय काय, तर कुमारी मातेचा! दिग्दर्शनासाठी एल्मर क्लिफ्टन या जुन्या अनुभवी गृहस्थांना नेमले होते. पण चित्रण सुरू होताच त्यांना हृदयविकाराचा झटका आला. दुसरा दिग्दर्शक आणायला पैसे कुठले? कथेवर आयडाने काम केलेलेच होते. तीच कॅमेऱ्यामागे उभी राहिली आणि चित्रपट पुरा केला. पडद्यावर मात्र तिने नाव ठेवले क्लिफ्टन यांचेच. ते गृहस्थ त्याच वर्षी ऑक्टोबरात वारले. एका स्त्रीच्या दिग्दर्शनाच्या कारकिर्दीची सुरुवात अशी निनावी झाली.

हा चित्रपट सुमारे दीड लाख डॉलरांत झाला. हॉलिवुडच्या मानाने ही रक्कम म्हणजे चण्याफुटाण्याचा खर्च. पण गल्ला खर्चाच्या कितीतरी पट जमला. कथेतली मुलगी एका पियानो वाजवणाऱ्याच्या नादी लागते. दिवस जातात. कुमारी मातांच्या आश्रमात ती बाळंत होते, मूल दत्तक देऊन टाकते, आणि नंतर वेड्यासारखी दुसऱ्याच कोणाचे तरी मूल उचलते. तिच्यावर खरे प्रेम करणारा माणूस युद्धात पाय गमावून आलेला. शेवटी ती पळते आणि तो कृत्रिम पायाने तिच्यामागे धावता धावता कोसळतो. तेव्हा ती मागे फिरते. या मुलीला पडद्यावर कोणी उपदेश करत नाही आणि कोणी विटाळ मानत नाही. त्या काळात एवढे करणे सोपे नव्हते. चित्रपटावर देशभर चर्चा झाली. एलिनॉर रुझवेल्ट यांच्यासारख्या विदुषीने रेडिओवर या विषयाची चर्चा करण्यासाठी आयडाला बोलावले.

दुसरा चित्रपट 'नेव्हर फिअर'. याच्या दिग्दर्शनावर प्रथमच तिचे स्वतःचे नाव आले. विषय, पोलिओने आडवी झालेली एक नर्तकी. हे दुखणे आयडाने स्वतः भोगलेले. चित्रण कुठे केले, तर सँटा मोनिका इथल्या खऱ्याखुऱ्या पुनर्वसन संस्थेत. चाकांच्या खुर्च्यांवरून नाचणारे रुग्ण त्यात दिसतात, तेही खरेच. चित्रपट फारसा चालला नाही. पण या कंपनीची रीत मात्र त्यात पक्की झाली. नवे, अनोळखी नट घ्यायचे. स्टुडिओचे भाडे वाचवायला खऱ्या रस्त्यांवर, खऱ्या इमारतींत चित्रण करायचे. सगळे आधी कागदावर नीट आखायचे, म्हणजे फिल्म वाया जात नाही. पुढे पुढे तर व्यापारी मालाची नावे पडद्यावर दाखवून त्या कंपन्यांकडून मदतही घ्यायची. हातात पैसा कमी म्हणून वास्तवता आली, आणि वास्तवता आली म्हणून विषयाला बळ आले. कला आणि काटकसर यांचे एवढे चांगले जमलेले क्वचित पाहायला मिळते.

१९५० साली आर.के.ओ. कंपनीचे धनाढ्य मालक हॉवर्ड ह्यूज यांच्याशी करार झाला. पैसा आणि वितरण ह्यूजचे, चित्रपट यांचे. पहिलाच चित्रपट निघाला 'आउटरेज'. विषय, बलात्कार. आता गंमत पाहा. अमेरिकेत तेव्हा चित्रपटउद्योगाची स्वतःचीच एक नीतिसंहिता होती आणि १९३४ पासून ती कडकपणे अमलात होती. तिच्या नियमाने हा शब्द पडद्यावर उच्चारता येत नव्हता! म्हणून सबंध चित्रपटात 'गुन्हेगारी हल्ला' अशा शब्दांनी काम भागवले आहे. पण शब्द काढून घेतला, तरी अर्थ कसा काढून घेणार? रात्री उशिरा कचेरीतून घरी निघालेली मुलगी, निर्मनुष्य रस्ते, मागून येणारी पावले. हल्ला आपल्याला दिसत नाही. दिसते ते नंतरचे. शेजाऱ्यांच्या नजरा. कचेरीत सहकारी कागदांवर रबरी शिक्का मारतो आहे, त्या ठक्‌ठक् आवाजाने तिचा होणारा जीव. चांगला, साधा प्रियकरही तिच्या जवळ आला की तिला नकोसा होतो. शेवटी ती गाव सोडून पळून जाते. गुन्हा एका मिनिटाचा आणि शिक्षा मात्र जिच्यावर तो झाला तिलाच, ही गोष्ट सत्तरएक वर्षांपूर्वी इतक्या स्पष्टपणे सांगितली गेली.

१९५१च्या 'हार्ड, फास्ट अँड ब्यूटिफुल'मध्ये टेनिस खेळणाऱ्या मुलीच्या यशावर आपली हौस भागवणारी आई आहे. अखेरीस ती रिकाम्या क्रीडांगणात रात्री एकटीच बसलेली दिसते. मग १९५३ साली आला 'द हिचहायकर'. दोघे मित्र मासेमारीच्या सहलीला निघतात. वाटेत एका माणसाला गाडीत घेतात. तो निघतो खुनी. बिली कुक नावाच्या खऱ्या गुन्हेगाराच्या हकीकतीवरून ही कथा बेतली. पडद्यावर मात्र नाव बदलले. त्या खुन्याचा एक डोळा झोपेतही मिटत नाही. त्यामुळे तो झोपला आहे की जागा, हे बिचाऱ्या दोघांना रात्रभर कळत नाही! सव्वा तासाहूनही थोडा छोटा असा हा चित्रपट. त्यात म्हणण्यासारखी स्त्रीभूमिका एकही नाही. बाई म्हटली की तिने बायकांचेच चित्रपट करावेत, असा ज्यांचा समज होता, त्यांना ते परस्पर उत्तर होते.

त्याच वर्षी 'द बिगमिस्ट' निघाला. फिरतीची नोकरी करणारा एक माणूस, सॅन फ्रान्सिस्कोत एक बायको आणि लॉस एंजेलिसमध्ये दुसरी. यात आयडाने दिग्दर्शन केले आणि दुसऱ्या बायकोची भूमिकाही केली. पहिली बायको झाली होती जोन फाँटेन. आणि प्रत्यक्षातली स्थिती काय होती, ऐका. आयडा आणि कोलियर यंग यांचा १९५१ साली काडीमोड झालेला. यंगने १९५२ साली जोन फाँटेनशी लग्न केलेले. चित्रपटाचा निर्माता आणि लेखक तोच यंग! आयडाने तोवर हॉवर्ड डफ या नटाशी संसार मांडला होता. तरीही ही सारी मंडळी एका सेटवर शहाण्या माणसांसारखी वागली. चित्रपटातही कोणी दुष्ट नाही. दोन बायका करणारा माणूस कायद्याने गुन्हेगार ठरतो, पण त्याचा एकटेपणा खोटा ठरत नाही. दोन्ही बायका निरपराध आहेत, आणि न्यायालयाचा निकाल कोणाचेच दुःख कमी करत नाही.

कंपनी बुडाली ती इथेच. चित्रपट वाईट होता म्हणून नव्हे. आर.के.ओ.च्या वितरणात आपला नफा जातो, तेव्हा वितरणही आपणच करू, असे भागीदारांनी ठरवले. आयडाचा याला विरोध होता. चित्रपट काढणे हे आपले काम. तो गावोगाव पोचवून पैसे वसूल करणे हा निराळा धंदा, त्याला निराळे भांडवल लागते, हे तिला कळत होते. पण मत चालले नाही. दोनएक वर्षांत 'द फिल्ममेकर्स' बंद पडली. पूर्ण स्वतंत्र व्हायला गेले, आणि होते तेवढे स्वातंत्र्यही गेले! माझ्या मते आयडाच्या चरित्रातला इतिहासाच्या विद्यार्थ्याने जपून ठेवावा असा धडा तो हाच. बंडखोरी मनात असते, पण स्वातंत्र्य मात्र वहीखात्यात असते. वही बंद झाली की नुसत्या मनाने चित्रपट निघत नाही.

मग काय केले तिने? जिथे काम होते तिथे गेली. टेलिव्हिजनसाठी १९५०च्या आणि ६०च्या दशकांत तिने मालिकांचे कितीतरी भाग दिग्दर्शित केले. त्यांत पाश्चिमात्य घोडेस्वारांच्या कथा होत्या, हिचकॉकच्या मालिकेतल्या रहस्यकथा होत्या, गुंडांच्या आणि पळपुट्यांच्या कथा होत्या, अगदी विनोदी कथाही होत्या. 'द ट्वायलाइट झोन' ही अद्भुत कथांची मालिका फार गाजली. तिच्या मूळ दीडशेहून अधिक भागांत स्त्रीने दिग्दर्शित केलेला भाग एकच, १९६४ सालचा 'द मास्क्स', आणि तो आयडाचा. मोठ्या पडद्यासाठी मात्र तिला पुढे एकच चित्रपट मिळाला : १९६६ सालचा 'द ट्रबल विथ एंजल्स', जोगिणींच्या शाळेतल्या खोडकर मुलींची गोष्ट. १९५३ ते १९६६. तेरा वर्षे! या मधल्या काळात तिची बुद्धी काही गंजली नव्हती.

सेटवर तिला सगळे 'मदर' म्हणत. तिच्या खुर्चीवरही तसेच लिहिलेले असे. हुकूम सोडण्याऐवजी ती अडचण सांगे, हे जरा असे करून पाहू या का म्हणे. आणि मग तंत्रज्ञ मंडळी तिला हवे तेच करत. दिग्दर्शकांच्या संघटनेत तिच्याआधी एकच स्त्री सभासद होती, डोरोथी आर्झनर. आर्झनरने १९४३ नंतर चित्रपट केला नाही. म्हणजे आयडाच्या काळात सभेला सुरुवात होई ती 'सभ्य गृहस्थहो आणि मिस लुपिनो' असे म्हणूनच. पुढच्या पिढीतल्या काही स्त्री समीक्षकांनी तिला दोष दिला. आईपणाचे सोंग कशाला? तिच्या नायिका शेवटी पुरुषाच्या आधाराला का येतात? दोष अगदीच खोटा नाही. 'आउटरेज'मधल्या मुलीला वाट दाखवतो तो एक सज्जन धर्मोपदेशकच. पण मला विचाराल तर ज्या सभेत एकच 'मिस' आहे, तिथे त्या एकीने कोणत्या स्वरात बोलायचे, हे तिचे तिलाच ठरवू द्यावे. आणि कथेचा शेवट संहितेच्या मर्जीचा असला, तरी मधला तास तिचा होता. प्रेक्षकाच्या मनात राहतो तो मधला तास.

नटी म्हणूनही ती काम करत राहिली. १९७२ साली 'ज्युनियर बॉनर'मध्ये तिने स्टीव्ह मॅक्वीनच्या आईची भूमिका केली, ती आजही वाखाणली जाते. ऑस्करचे नामांकन तिला जन्मात कधी मिळाले नाही. ३ ऑगस्ट १९९५ रोजी लॉस एंजेलिस येथे, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी ती वारली. त्यानंतर मार्टिन स्कॉर्सेसी यांच्यासारख्या दिग्दर्शकाने लेख लिहून तिच्या चित्रपटांचे ऋण मान्य केले. १९९८ साली 'द हिचहायकर'ची अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटनोंदीत निवड झाली. राष्ट्राने जतन करावेत, अशा चित्रपटांची ती यादी आहे.

शेवटी एक गोष्ट सांगतो, म्हणजे हिशेब पुरा होईल. 'द हिचहायकर' आणि 'द बिगमिस्ट' या दोन्ही चित्रपटांचे मालकीहक्क पुढे संपले. ते कोणाचेच राहिले नाहीत, म्हणजे सर्वांचे झाले. बरीच वर्षे त्यांच्या पुसट, तुटक प्रती कोणीही काढी, कोणीही विके. आयडाला त्यातून काही मिळाले नाही. पण त्या वाईट प्रतींमुळेच नव्या प्रेक्षकांना ती भेटली, आणि मग चांगल्या प्रती तयार करण्याची निकड लोकांना वाटली. ज्या चित्रपटांना एके काळी थिएटरासाठी दुसऱ्यांवर अवलंबून राहावे लागले, त्यांना आज कोणाची परवानगी लागत नाही. आरंभी जे चार प्रश्न विचारले, त्यांतला थिएटराचा प्रश्न असा फार उशिरा सुटला. तो वेळेवर सुटला असता तर आणखी किती चित्रपट झाले असते, हे मोजण्याची वही मात्र कोणत्याच दप्तरात नाही.